काळा घोडा महोत्सवात वास्तुफेरी काढायची तर

मुंबईचा काळा घोडा कला महोत्सव १९९९ पासून भरतो. नऊ दिवस, जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला. या दिवसांत रॅम्पार्ट रो म्हणजे के. दुभाष मार्ग गाड्यांना बंद असतो, आणि नाचगाणी, पुस्तकं, चित्रं यांच्या जोडीला शहररचना आणि वास्तुकलेचे कार्यक्रमही होतात. त्यातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात अवघड प्रकार म्हणजे वास्तुफेरी. मंडप नको, रंगमंच नको. पण वीस-बावीस माणसांना दोन तास फुटपाथवर उभं ठेवून इमारतींकडे बघायला लावायचं असतं. कॉलेजचं मंडळ, वाचनालय, गृहसंस्था, कोणीही अशी फेरी काढू शकतं. खाली दिलेली आखणी काळा घोडा ते इरॉस चित्रपटगृह या मार्गासाठी आहे.

आधी प्रश्न ठरवा

फेरी फसते ती बहुतेक वेळा माहितीच्या गर्दीने. प्रत्येक इमारतीचं साल, गव्हर्नर, देणगीदार आणि शैली सांगत गेलं की चौथ्या थांब्यापासून लोक मोबाइल काढतात. म्हणून अख्ख्या फेरीला एकच प्रश्न द्या आणि त्याला उपयोगी नसलेली माहिती, कितीही गोड असली तरी, घरी ठेवा. या मार्गाला शोभणारा प्रश्न साधा आहे: ही इमारत मुंबईच्या पावसाला आणि उन्हाला कसं तोंड देते?

हाच प्रश्न का, ते ओव्हल मैदानात उभं राहिलं की कळतं. पूर्वेला १८७० च्या दशकातल्या दगडी गॉथिक (टोकदार कमानींच्या युरोपीय शैलीतल्या) इमारतींची रांग, पश्चिमेला १९३० च्या दशकातली सिमेंट-काँक्रीटची आर्ट डेको (भौमितिक नक्षीच्या तेव्हाच्या नव्या शैलीतली) रांग, मधे फक्त मैदान. दोन्हींच्या डोक्यावर जुलैचा पाऊस तोच आणि मे महिन्याचं ऊनही तेच, उत्तरं मात्र वेगळी. ३० जून २०१८ रोजी युनेस्कोने जागतिक वारसा यादीत घेतला तो हा दोन्ही शैलींचा एकत्रित समूह, ९४ इमारतींचा.

मार्ग आणि घड्याळ

काळा घोडा पुतळा, तिथून महात्मा गांधी रोडने डेव्हिड ससून ग्रंथालय आणि एस्प्लनेड मॅन्शन, पुढे हुतात्मा चौक, डावीकडे वळून वीर नरिमन रोडने ओव्हलपर्यंत, मग कर्मवीर भाऊराव पाटील मार्गाने उच्च न्यायालय आणि विद्यापीठ, मैदानाच्या मधल्या पायवाटेने पलीकडे, आणि महर्षी कर्वे रोडने उत्तरेला इरॉस. अंतर सुमारे दोन किलोमीटर. थांबे आठ.

एकटा माणूस हे अंतर पंचवीस मिनिटांत कापतो. गट ताशी तीन किलोमीटरहून वेगाने चालत नाही, म्हणजे चालण्याची ४० मिनिटं. आठ थांब्यांना सरासरी सात मिनिटं धरली तर ५६. सिग्नल, रस्ता ओलांडणं, मागे राहिलेल्यांसाठी थांबणं यांची १५. झाले एक तास ५१ मिनिटं. जाहिरातीत 'दोन तास' लिहा आणि नववा थांबा घालायचा मोह आवरा. आधीच्या आठवड्यात त्याच वारी, त्याच वेळेला, तोंडाने सगळं बोलत एक रंगीत तालीम करा. मनातल्या मनात म्हटलेला मजकूर नेहमी लवकर संपतो.

शेवट इरॉसला ठेवण्यामागे एक फायदा आहे: चर्चगेट स्टेशन समोरच आहे. यायला मेट्रो ३ चं हुतात्मा चौक स्थानक किंवा चर्चगेटहून पायी. रविवारची फेरी असेल तर मेगाब्लॉकचं वेळापत्रक आदल्या दिवशी बघून सगळ्यांना कळवा.

ऊन कुठून येतं

हा भाग आयोजक हमखास विसरतात. डेव्हिड ससून ग्रंथालयाचं तोंड पूर्वेला आहे, आर्ट डेको रांगेचंही पूर्वेला. उच्च न्यायालय आणि विद्यापीठाच्या राजाबाई मनोऱ्याचे ओव्हलकडचे दर्शनी भाग मात्र पश्चिमेला. म्हणजे सकाळी ग्रंथालय आणि आर्ट डेको उजळलेले असतात आणि गॉथिक रांग उजेडाविरुद्ध काळी दिसते. संध्याकाळी नेमकं उलट.

सकाळची फेरी साडेसातला सुरू करा. या दिवसांत सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो, साडेसातला रस्ते शांत असतात, आणि आर्ट डेकोच्या रांगेपाशी पोचेपर्यंत छज्ज्यांच्या सावल्या नीट उतरलेल्या असतात. गॉथिक थांब्यावर उंच मनोऱ्याची रूपरेषा दाखवत बसू नका, डोळे दिपतात. जवळचं कोरीवकाम दाखवा.

संध्याकाळी मार्ग उलटा फिरवा. साडेचारला इरॉस, साडेपाचपर्यंत मैदान पार, मग सूर्य मावळेपर्यंत, म्हणजे साडेसहापर्यंत, विद्यापीठ आणि न्यायालय. दगडाचे रंग तेव्हा सुरेख खुलतात. पण शनिवार-रविवारच्या संध्याकाळी महोत्सवाला इतकी गर्दी असते की शेवटच्या टप्प्यात गट हरवतो, आणि आठवड्याच्या दिवशी कचेऱ्या सुटायच्या वेळी फुटपाथ चालण्यासारखा राहत नाही. पहिल्यांदा फेरी काढणाऱ्यांनी शनिवार-रविवारची सकाळच धरावी.

थांब्यावर काय दाखवायचं

पहिला थांबा घोड्याचा. आजचा बिनस्वाराचा घोडा २०१७ मधला. मूळचा पुतळा प्रिन्स ऑफ वेल्सचा, म्हणजे पुढचा राजा सातवा एडवर्ड, घोड्यावर बसलेला. अल्बर्ट ससून यांनी शहराला दिलेला. १९६५ मध्ये तो हलवला आणि आता भायखळ्याच्या राणीच्या बागेत आहे. याला दोनच मिनिटं द्या. उरलेली पाच नकाशाला. जुन्या किल्ल्याचा तट दाखवा; बार्टल फ्रिअर गव्हर्नर असताना १८६० च्या दशकात तो पाडला. अमेरिकेतल्या यादवीमुळे (१८६१ ते १८६५) तिकडचा कापूस थांबला, मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला, आणि मोकळ्या झालेल्या जागेवर इमारती उभ्या राहिल्या. मैदानापलीकडची जमीन बॅकबे या समुद्रपट्ट्यातल्या भरावाने पुढे मिळाली, हेही इथेच बोटाने दाखवा. तासाभराने त्याचा उपयोग होतो.

दुसरा थांबा डेव्हिड ससून ग्रंथालय, १८७०. टोकदार कमानी सगळ्यांनाच दिसतात. तुम्ही कमानीमागची सावली दाखवा. इंग्लंडातल्या गॉथिक इमारतीला इतका खोल व्हरांडा लागत नाही. इथे तो भिंतीवर ना ऊन पडू देतो, ना पावसाची तिरपी झड. दगड मालाडचा, पिवळसर. आता गटाला जवळ घ्या आणि दगडांमधला सांधा बघायला लावा. मूळ सांधे चुन्याचे असतात. चुन्यातून भिंतीतली ओल बाहेर पडते. दुरुस्तीत तिथे सिमेंट भरलं की ओल अडते, दगडातूनच वाट काढते, वाळताना क्षार पृष्ठभागाशी साचतात आणि दगड पापुद्र्यांनी सुटू लागतो. असे राखाडी सांधे फोर्टात जागोजागी सापडतात. तालमीच्या वेळी एक हेरून ठेवा. ज्या इमारतीत सापडेल तिथे हा मुद्दा सांगा. मग गटाला मागे वळवून समोरची जहांगीर कलादालनाची लाटांसारखी काँक्रीटची छत्री दाखवा. ती १९५२ ची. पाऊस अडवायचं तेच काम, ऐंशी वर्षांनंतर.

एस्प्लनेड मॅन्शन, म्हणजे जुनं वॉटसन हॉटेल, हा तिसरा थांबा. याचा ओतीव लोखंडाचा सांगाडा इंग्लंडात बनवून बोटीने आणला आणि १८६० च्या दशकात इथे जोडला. आराखडा रोलंड मेसन ऑर्डिश यांचा. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रं भारतात पहिल्यांदा दाखवली गेली ती इथेच. लोखंड आणि समुद्राची खारी हवा यांचं जमत नाही, हे दाखवायला यापेक्षा स्पष्ट उदाहरण मुंबईत नाही. २००५ मध्ये इमारतीचा एक भाग कोसळला होता. गटाला तिच्याखाली अजिबात उभं करू नका, रस्त्याच्या पलीकडूनच बोला.

हुतात्मा चौकात तीन मिनिटं. फ्लोरा फाउंटन आणि संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांचं स्मारक शेजारी शेजारी आहेत, एवढं सांगा, डोकी मोजा आणि पुढे चला. चौक रुंद आहे, गट इथेच फुटतो.

उच्च न्यायालय फुटपाथवरून बघायचा प्रयत्न केला तर झाडं आणि कुंपण मधे येतात. ओव्हलच्या आत, पूर्वेच्या कुंपणालगत उभे राहा. जेम्स फुलर यांचा आराखडा, १८७८ मध्ये पूर्ण, काळा बेसॉल्ट. उतरती छपरं, खोल व्हरांडे, दोन अष्टकोनी मनोऱ्यांवर न्याय आणि दया यांचे पुतळे. एका डोळ्यावर पट्टी बांधलेल्या माकड-न्यायाधीशाच्या शिल्पाबद्दल कोणीतरी विचारणारच. चिडलेल्या कंत्राटदाराने सूड म्हणून ते कोरून घेतलं, ही आख्यायिका आहे. आख्यायिका म्हणूनच सांगा. रविवारी सकाळी मैदानात एकाच वेळी कितीतरी सामने चालू असतात, तेव्हा गटाची पाठ खेळाकडे असली तर चेंडूवर लक्ष ठेवायला एक माणूस हवा. गंमत वाटेल, पण हवा.

विद्यापीठाला दहा मिनिटं द्या. राजाबाई मनोरा १८६९ ते १८७८ या काळात बांधला, उंची २८० फूट. प्रेमचंद रायचंद यांनी दोन लाख रुपये दिले, नाव त्यांच्या आईचं. आराखडा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा, आणि ते भारतात कधीच आले नाहीत. मनोऱ्यावर पश्चिम भारतातल्या जातिजमातींच्या आकृत्या आहेत; त्या घडवल्या राव बहादूर मुकुंद रामचंद्र या सहायक अभियंत्याने. साध्या डोळ्यांना त्या फक्त ठिपके दिसतात, म्हणून दोन-तीन दुर्बिणी फिरवत ठेवा. या काळातल्या इमारतींत कोरीवकामासाठी पोरबंदरचा चुनखडीचा दगड बराच वापरला आहे. तो मऊ, म्हणून नक्षी बारीक निघते. आणि मऊ म्हणूनच तिची धार आधी झिजते. दीक्षान्त सभागृहाच्या वर्तुळाकार खिडकीत बारा राशी आहेत. दिवसा बाहेरून रंगीत काच काळीच दिसते. तुम्ही 'सुंदर रंग' म्हणाल आणि लोक एकमेकांकडे बघतील. त्या थांब्यावर आतून काढलेलं छायाचित्र हातात धरा.

सातवा थांबा, आर्ट डेकोची रांग, हा फेरीचा गाभा. इथे पंधरा मिनिटं हवीत, वाटल्यास हुतात्मा चौक गाळा. दगड गेला, काँक्रीट आलं, त्याबरोबर खोल व्हरांडाही गेला. मग पाऊस अडवायचा कसा? खिडकीवर भुवईसारखा बाहेर आलेला पातळ छज्जा, तोही कोपऱ्यावरून वळवून नेलेला. काँक्रीटमध्ये सळई असल्यामुळेच तो खालच्या आधाराशिवाय बाहेर झेपावतो. दगडात हे परवडलं नसतं. छज्ज्याच्या खालच्या बाजूला, कडेपासून थोडं आत, एक बारीक खाच असते. गटातल्या बहुतेकांनी ती आयुष्यभर डोक्यावर बाळगलेली असते आणि कधी पाहिलेली नसते. छज्ज्यावरून ओघळलेलं पाणी खालच्या बाजूने भिंतीकडे सरकतं, खाचेपाशी त्याची धार तुटते आणि ते खाली पडतं. दुरुस्तीत गिलावा करणाऱ्याने ही खाच बुजवली की पुढच्या पावसाळ्यात खिडकीच्या वर ओलीचा डाग येतो. खाच शाबूत असलेला एक छज्जा आणि बुजलेला एक, असे दोन्ही तालमीत शोधून ठेवा. हे दोन छज्जे दाखवले की बाकीची रांग लोक आपसूक वाचू लागतात.

काँक्रीटचा आजारही इथेच दाखवा. खारं, दमट वारं भेगांतून सळईपर्यंत पोचतं, सळई गंजते, गंजलेलं लोखंड फुगतं आणि वरचं काँक्रीट ढलप्यांनी फुटतं. वरून रंग मारला की ते वर्षभर दिसत नाही, एवढंच. नंतर प्रत्येकाच्या हातात एक चिठ्ठी द्या आणि पाच मिनिटं मोकळं सोडा. चिठ्ठीवर शोधायच्या पाच गोष्टी: उगवत्या सूर्याची नक्षी, लाट, जहाजाच्या डेकसारखा कठडा, पायऱ्यांसारखा चढत गेलेला माथा, आणि मूळ अक्षरांत राहिलेलं इमारतीचं नाव. पाचवी गोष्ट लोकांना फार आवडते.

इरॉस १९३८ चं, वास्तुकार सोहराबजी भेदवार, दर्शनी भागात आग्र्याचा लाल वालुकाश्म. २०२४ मध्ये ते आयमॅक्स पडद्यासह पुन्हा सुरू झालं. कोपऱ्याच्या जागेवर इमारत कशी वळते ते पलीकडच्या फुटपाथवरून दिसतं, दारात उभं राहून नाही.

आवाज, चित्रं, माणसं

गट २२ जणांचा, सूत्रधार एक आणि शेपटीला एक. शेपटीवरच्या माणसाचं काम फक्त कोणी मागे राहू न देणं. त्याने इमारतींबद्दल बोलायचं नाही. नोंदणी मोफत असेल तर बरेच जण येत नाहीत, म्हणून २८ नावं घ्या. सगळेच आले तर? दोन गट करून दुसऱ्याला दहा मिनिटांनी सोडा. त्यासाठी दुसरा सूत्रधार मजकूर पाठ करून तयार हवा. तीस जणांचा एकच गट केलात तर मागच्या दहा जणांना काही ऐकू येत नाही आणि फुटपाथ अडल्याची बोलणी बसतात ती वेगळीच.

हातातला कर्णा किंवा स्पीकर आणू नका. न्यायालयं आणि शिक्षणसंस्था यांच्याभोवतीचा १०० मीटरचा पट्टा ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार शांतता क्षेत्र म्हणून जाहीर होऊ शकतो, आणि या मार्गाचा मोठा भाग अशा पट्ट्यात येतो. बजेट असेल तर कानात घालायचे वायरलेस टूर-गाइड संच भाड्याने घ्या. नसेल तर भिंतीकडे पाठ करून, गटाला अर्धवर्तुळात उभं करून बोला. समोर गाड्या आणि मागे मोकळी जागा असेल तर घसा बसतो. चालता चालता कधीच बोलू नका, ते फक्त पहिल्या चौघांना कळतं.

चित्रं ए-थ्री आकारात, सात-आठच, लॅमिनेशन मॅट. चकचकीत लॅमिनेशनवर उन्हाची तिरीप येते आणि नकाशा कोणालाच दिसत नाही. टॅबलेटचंही उन्हात तेच होतं.

स्वच्छतागृहाबद्दल आदल्या दिवशीच्या संदेशात स्पष्ट लिहा. जहांगीर कलादालन अकराला उघडतं. सकाळच्या फेरीत खात्रीची सोय शेवटी चर्चगेट स्टेशनवरच. हे न सांगितल्यामुळे लोक पाचव्या थांब्यावरून निघून जातात आणि आयोजकांना वाटतं फेरी कंटाळवाणी झाली. त्याच संदेशात पाण्याची बाटली, टोपी आणि पायात रोजच्या चपला-बूट, एवढं पुरे.

परवानग्या

महोत्सवाच्या कार्यक्रमपत्रिकेत यायचं असेल तर काही महिने आधी आयोजकांकडे प्रस्ताव जायला हवा. त्यात मार्ग, वेळ, गटाची संख्या, भाषा आणि सूत्रधाराचं नाव लिहा. 'मराठीतून' हे ठळक लिहा, तेवढ्यासाठी येणारे लोक असतात. स्वतंत्रपणे काढणार असाल तर स्थानिक पोलीस ठाण्याला एक माहितीपत्र देऊन पोच घ्या आणि ती खिशात ठेवा. न्यायालयाच्या आवारात कॅमेरा घेऊन जायचा विचारही करू नका. विद्यापीठाच्या आवारात शिरायचं असेल तर लेखी परवानगी. आयत्या वेळी सुरक्षारक्षकाशी वाद घालून कोणी आत गेलेलं नाही.

आर्ट डेको इमारतींत लोक राहतात. जिन्याची टेराझो फरशी किंवा लिफ्टची जाळी दाखवायची असेल तर संस्थेच्या सचिवांना भेटा, सहा-सहा जणांच्या तुकड्या आणि दहा मिनिटं एवढीच मागणी करा. बाहेरूनही खिडक्या-गॅलऱ्यांतल्या माणसांचे फोटो काढायचे नाहीत, हे पहिल्या थांब्यावरच सांगून टाका.

मजकुरातल्या घसरणी

काही चुका इतक्या रुळल्या आहेत की छापील पत्रकांतही सापडतात. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस युनेस्कोच्या २०१८ च्या समूहातलं नाही. त्याची नोंद स्वतंत्र, २००४ ची. 'हे सगळं इंग्रजांनी बांधलं' हेही अर्धंच खरं: पैसा रायचंद, जहांगीर, ससून यांच्यासारख्यांचा, हात इथल्या कारागिरांचे, आणि आर्ट डेकोपर्यंत येता येता आराखडेही बरेचसे भारतीय वास्तुकारांचे. साल सांगताना बांधकाम सुरू झाल्याचं की पूर्ण झाल्याचं ते ठरवा आणि अख्ख्या फेरीत तोच नियम पाळा, नाहीतर एखादा जाणकार तिसऱ्या थांब्यावर तुम्हाला पकडतो आणि तिथून फेरी त्याची होते.

जाणकार भेटलाच तर त्याला एक थांबा बोलायला द्या, तीन मिनिटं मोजून.

फेरी संपल्यावर इरॉससमोरच प्रत्येक थांब्याला खरोखर किती मिनिटं गेली ते शेपटीवरच्या माणसाकडून लिहून घ्या. ठरवल्यापेक्षा जास्त वेळ सहसा घोड्यापाशी आणि न्यायालयापाशी जातो. दुसऱ्या दिवशीच्या फेरीसाठी तिथला मजकूर कापा, आर्ट डेकोच्या पंधरा मिनिटांना हात लावू नका.